तलाव बघायचा की पक्षी?

प्रश्न : काकू, नाताळच्या सुट्टीत मुलांना डोंगर, तलाव आणि पक्षी दाखवायचे आहेत. दिवस एकच. हिडकलला जावं, राकसकोपला की भीमगडात? सासूबाई बरोबर असतील, त्यांचे गुडघे दुखतात. आणि होडीत बसायला मिळालं तर मुलं खूश.
— एक सूनबाई, निपाणी

उत्तर : सूनबाई, तिन्ही जागा झकास, पण तुम्ही गोकाकजवळच्या धुपदाळला जा.

हिडकलच्या धरणातलं घटप्रभा नदीचं पाणी बघून डोळे निवतात, कबूल. पण ते खोल. लांब पायांच्या पक्ष्यांना पोटरीएवढं पाणी आणि खाली चिखल लागतो, कारण किडे, शिंपले, बेडक्या सगळं तिथंच. तीच घटप्रभा खाली धुपदाळला येते, तिथं कालव्यासाठी १८९७ साली बांधलेला बंधारा आहे. इतक्या वर्षांचा गाळ मागं साचलाय. पाणी पसरलेलं पण उथळ, मधे गवताची बेटं. पाटबंधारेवाल्यांना गाळ म्हणजे डोकेदुखी, पाखरांना मेजवानी! १९७४ पासून हे पक्षी अभयारण्य आहे.

चमचा, शेकाट्या, चक्रवाक, रंगीत करकोचे हे पक्षी बघा. नशीब असेल तर कांड्या करकोचेही. ते मध्य आशिया-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांची एक खोड लक्षात ठेवा. सकाळी सकाळी थवा हरभऱ्याच्या नाहीतर शेंगांच्या रानात चरायला जातो आणि ऊन चढलं की पाण्यावर परततो. रात्रीचा मुक्कामही उथळ पाण्यातच. म्हणजे एकतर तांबडं फुटायच्या आत काठावर हजर राहा, नाहीतर निवांत दहा-अकराला पोचा. आठला पोचणारे रिकामं पाणी बघून "इथं काही नाही" म्हणत माघारी फिरतात. सासूबाईंना पहाटेच्या गारठ्यात कशाला काढता? दहाचंच ठरवा. संकेश्वर, हुक्केरी करत घटप्रभा गावाला या. घडीची खुर्ची घ्या, दुर्बीण कुणाकडून तरी मागून आणा. मुलांना लाल-पिवळे कपडे नकोत.

होडीचं मनातून काढा. होडी जवळ गेली की थवा उठतो, आणि उडण्यात जाणारी ताकद त्याला पुन्हा चरून भरून काढावी लागते.

राकसकोप डोंगराच्या कुशीत आहे, वैजनाथाच्या डोंगराला जोडून दिवस छान जातो. पण ते बेळगावकरांचं पिण्याचं पाणी. पोरांना पाण्यात उतरू द्यायचं नाही, आणि तुमची पोरं ऐकतील असं पत्रावरून वाटत नाही.

भीमगड सासूबाईंशिवाय. खानापूरच्या या जंगलाला २०११ मध्ये अभयारण्य केलं. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, चाल भरपूर आणि झाडी इतकी दाट की गवा दहा पावलांवर असला तरी दिसायचा नाही. बारापेडे गुहांतली दुर्मिळ वटवाघळं प्रसिद्ध आहेत, पण तिथं सहलीला जायचं नसतं. माणसाच्या वावरानं ती बिथरतात.

धुपदाळहून गोकाक जवळच. तिथली करदंट ही मिठाई जरूर घ्या, डिंकाची असते, सासूबाईंना चालेल. गोकाकच्या धबधब्यासाठी मात्र गाडी वळवू नका. ५२ मीटरचा कडा आहे खरा, पण डिसेंबरात त्यावरून पाणी बेताचंच पडतं. त्याला जुलै-ऑगस्टात या, झुलता पूलही तेव्हाच बघा.