अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्टचा स्क्रीन बनवण्याआधी

“कोणता रिपोर्ट हवा?” असं विचारू नकोस. अकाउंटंट “सगळंच द्या” म्हणतात आणि तुझ्या हातात कॉलमची लांबलचक यादी येते. त्यापेक्षा शेजारी खुर्ची टाकून बस आणि मागच्या महिन्यात रिपोर्ट काढल्यावर पुढे काय केलं, ते करून दाखवायला सांग.

जाताना तारीख बघ. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचा जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) ११ तारखेपर्यंत जातो, २बी (सप्लायरनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर बनणारी आपल्या खरेदीची यादी) १४ ला तयार होतं, ३बी (कर भरायचं रिटर्न) बहुधा २० पर्यंत. या मधल्या दिवसांत खरेदीची बिलं २बीशी जुळवण्याचं काम चालतं. डेटा एक्सेलमध्ये उतरवायचा, व्हीलूकअप (दोन याद्या जुळवणारं एक्सेलचं सूत्र) लावायचा, न जुळलेल्या ओळी पिवळ्या करायच्या, मग सप्लायरला फोन. त्या पिवळ्या ओळी हाच तुझा रिपोर्ट: सप्लायरनिहाय, मोठी रक्कम वर, शेजारी फोन नंबर. त्या दिवसांत फक्त बघ. प्रश्न २० नंतर विचार, घाईत कोणी नीट सांगत नाही.

मालकाशी वेगळं बोल. त्याला उधारी हवी असते, कोणाकडे किती आणि किती दिवसांची, तीही मोबाइलवर.

डेटा एक्सेलमध्ये उतरवायचं, म्हणजे एक्सपोर्टचं बटण काढून टाकू नकोस, कोणी कितीही सांगो. उलट त्या एक्सेल फाइली नावं झाकून मागून घे. लोकांनी हाताने जोडलेले कॉलम तिथेच सापडतात.

आणि नमुना दाखवशील तो त्यांच्याच आकड्यांचा. खोट्या आकड्यांवर सगळे “छान आहे” म्हणतात. स्वतःची बेरीज लेजरशी (खातेवहीशी) जुळली नाही, की लगेच बोलतात.