दुसऱ्याच्या वाडीत मेटल डिटेक्टर फिरवायचाय, परवानगी कोणाची घ्यायची?
वाडी राखणारे काका 'फिरव रे' म्हणाले म्हणून भागत नाही, आधी सातबारा बघा, महाभूलेख या सरकारी साइटवर दिसतो, आणि आमच्या कोकणात एकेका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं, अर्धी मुंबईत, म्हणून गणपतीत नायतर शिमग्याला सगळे गावी आले की विचारायचं. चार ओळी लिहून सह्या घ्या: कुठे फिरणार, किती खणणार, खड्डे बुजवणार, कलमांच्या मुळांना हात लावणार नाही. 'सोनं' हा शब्द तोंडातून काढू नका, भाऊबंदकी पेटते! आणि मालक हो म्हणाला तरी पुरलेलं १० रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं. विजयदुर्गासारख्या संरक्षित किल्ल्यावर मशीन नेऊच नका.