पंचवीस वर्षांची सुट्टी आणि दरसालचे शुल्क

प्रश्न : मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहतो आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी करतो. पत्नी शाळेत शिक्षिका आहे, मुलगी नववीत आणि मुलगा पाचवीत आहे, आणि ७४ वर्षांची आई आमच्याजवळ असते. मॉलमध्ये सहज भरलेल्या कुपनावर 'तीन दिवस, दोन रात्री' अशी सहल लागल्याचा फोन आला आणि ती घेण्यासाठी आम्हां दोघांनाही ए. बी. रोडवरील एका हॉटेलात बोलावण्यात आले. तिथे टाइमशेअरचे सदस्यत्व विकत होते, म्हणजे आज चार लाख रुपये भरून पंचवीस वर्षे दरवर्षी सात रात्री कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क. दीड तास सांगितले होते, प्रत्यक्षात साडेतीन तास लागले. शेजारच्या टेबलावर कोणी सही केली की सगळे टाळ्या वाजवत. शेवटी आलेल्या व्यवस्थापकांनी कोऱ्या कागदावर २५ गुणिले ७ म्हणजे १७५ रात्री असे लिहून चार लाखांना १७५ ने भागले आणि २,२८६ या आकड्याभोवती गोल काढला. एवढ्या पैशांत चांगल्या रिसॉर्टमधील खोली कुठेही मिळणार नाही, हे त्यांचे म्हणणे आम्हांला पटले आणि कार्डावर १०,००० रुपये टोकन देऊन अर्जावर सही केली. सदस्यत्व स्टुडिओ खोलीचे, 'पांढऱ्या' सीझनचे आहे. वार्षिक सेवा शुल्क १८,००० रुपये अधिक कर असे आहे, आणि ते पुढे 'कंपनी वेळोवेळी ठरवील त्याप्रमाणे' वाढेल. गेल्या तीन वर्षांत आम्ही एकदा पचमढीला तीन रात्री ३,२०० रुपयांच्या खोलीत राहिलो, एकदा गोव्याला चार रात्री ४,००० रुपयांच्या खोलीत, आणि एक वर्ष घराबाहेर पडणेच झाले नाही. सही करून आज सहावा दिवस आहे. आई म्हणते, पैसे गेले तर जाऊ द्या, पण पुढे जाऊ नका. आपले मत काय?

उत्तर : आपल्या पत्रातील 'सहावा दिवस' हे शब्द वाचून, अंक छापून होईपर्यंत थांबणे योग्य नव्हे हे लक्षात आले, म्हणून रद्द करण्याचे पत्र लगेच पाठवा असे आपल्याला आधीच कळवले होते. येथे त्यामागील हिशेब सविस्तर देत आहोत, कारण अशा स्वरूपाची पत्रे आमच्याकडे वारंवार येतात.

प्रथम तो कागद. आपल्या बँकेत एखादा खातेदार चार लाख रुपये आज भरून पंचवीस वर्षे थोडे थोडे परत घेण्याची योजना घेऊन आला, तर आपण त्याला व्याजाचे काय असे पहिल्याच वाक्यात विचाराल. हॉटेलातल्या त्या टेबलावर मात्र तो प्रश्न आपल्यालाही सुचला नाही, यात आपला दोष कमी आणि साडेतीन तासांच्या बैठकीचा अधिक आहे. चार लाख रुपये ७ टक्क्यांनी ठेवले आणि दरवर्षी सारखी रक्कम काढत पंचविसाव्या वर्षी शून्यावर आणले, तर दरसाल सुमारे ३४,३०० रुपये हाती येतात. सदस्यत्वाची खरी वार्षिक किंमत ती आहे. तिच्यात शुल्क मिळवायचे, आणि शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर असल्यामुळे ते १८,००० नसून २१,२४० आहे. बेरीज ५५,५४० होते. सातही रात्री वापरल्या तर एका रात्रीचे ७,९३४ रुपये पडतात, आणि चारच वापरल्या तर १३,८८५. गोल याच आकड्यांभोवती काढायला हवा होता.

विक्रेते यावर सांगतात की हॉटेलांचे दर वाढत जातील आणि तुमची किंमत मात्र आजच बांधली गेली. हे अर्धे खरे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. बांधली जाते ती प्रवेशाची रक्कम. शुल्क बांधलेले नसते, आणि 'कंपनी वेळोवेळी ठरवील' या शब्दांत त्याला वरची मर्यादाही नाही. ते वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले असे धरले, तर बारा वर्षांत दुप्पट होईल, म्हणजे आज पाचवीत असलेला आपला मुलगा नोकरी शोधत असेल तेव्हा वर्षाला करासह ४२,७०० रुपये भरावे लागतील. पंचवीस वर्षांच्या शुल्काची बेरीज ११ लाख ६५ हजारांच्या घरात जाते. ज्या चार लाखांवर आपण साडेतीन तास घासाघीस केली, ती या व्यवहाराची लहान बाजू आहे.

तरीही हॉटेलांचे दर वाढतात हे नाकारता येत नाही, म्हणून तोही हिशेब न्यायाने करून पाहिला. हॉटेलचे दर आणि शुल्क दोन्ही ६ टक्क्यांनी वाढतात आणि आपल्या ठेवीवर ७ टक्के मिळतात असे मानले, तर हे सदस्यत्व घेणारा आणि न घेणारा कुठे बरोबरीत येतात? जो माणूस आजच्या भावाने करासह पावणेसहा हजार रुपयांच्या खोलीत, दरवर्षी न चुकता सातही रात्री, सलग पंचवीस वर्षे राहणार आहे, त्याच्याबाबतीत हिशेब कसाबसा जुळतो. वर्षाला सरासरी पाचच रात्री झाल्या, तर बरोबरीसाठी लागणारे खोलीचे भाडे आठ हजारांच्या वर जाते. (२२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर केवळ ५ टक्के कर लागतो, त्यामुळे मध्यम हॉटेलांची बाजू पूर्वीपेक्षा थोडी अधिक बळकट झाली आहे.) आपण तीन वर्षांत मिळून सात रात्री बाहेर राहिलात आणि खोल्यांवर २५,६०० रुपये खर्च केलेत. त्याच तीन वर्षांचे नुसते शुल्क, एक रुपयाही न वाढता, ६३,७२० झाले असते.

सदस्यत्व असते तर आम्ही जास्त फिरलो असतो, असे आपल्या मनात येईल. पण ज्या वर्षी आपण कुठेच गेला नाहीत, त्या वर्षी अडचण खोलीच्या भाड्याची होती का, हे आपणच आठवून पाहा. शिक्षिकेला सुट्टी मे महिन्यात, दिवाळीत आणि फार तर नाताळात मिळते. अनेक कंपन्यांत वर्षाची विभागणी जांभळा, लाल, पांढरा आणि निळा अशा रंगांनी केलेली असते; त्यांत पांढरा हा वरून तिसरा, मधल्या हंगामाचा, आणि सर्व शाळांना सुट्टी असते ते आठवडे सहसा त्याच्या वरच्या रंगांत जातात. म्हणजे आपल्याला खोली मिळेल तेव्हा पत्नीची शाळा चालू असेल आणि शाळा बंद होईल तेव्हा वरच्या रंगाचे सदस्य रांगेत पुढे असतील. त्यात मुलगी नववीत. पुढची तीन वर्षे फेब्रुवारी-मार्च परीक्षेचे आणि उन्हाळा शिकवणीचा. तिची बारावी आटोपेल तेव्हा मुलगा नववीच्या उंबरठ्यावर उभा असेल.

खोलीविषयीही एक गोष्ट पाहून घ्या. स्टुडिओ साधारणपणे दोन मोठी माणसे आणि दोन मुले यांच्यासाठी धरलेला असतो. आपण पाच जण आहात. करारात 'मूल' किती वर्षांपर्यंत मानले आहे ते वाचा, कारण मुलगी त्या मर्यादेबाहेर गेली असेल तर मोठी माणसे चार होतात, आणि आईंना बरोबर न्यायचे म्हणजे जादा पैसे किंवा दुसरी खोली. जेवण शुल्कात नसतेच. रिसॉर्ट गावापासून दूर असल्यास सात दिवस दोन्ही वेळा तिथल्याच उपाहारगृहात पाच ताटे मांडावी लागतात, आणि सकाळी बाहेर पडून कोपऱ्यावर पोहे-जलेबी खाण्याची इंदुरी सवय तिथे चालत नाही.

इंदूरच्या माणसाच्या सहली मुळात वेगळ्या असतात, असेही आमचे निरीक्षण आहे. महेश्वर नव्वद किलोमीटर, मांडू शंभराच्या आत-बाहेर, ओंकारेश्वर त्याहून जवळ. शनिवारी निघून रविवारी रात्री घरी. राज्य पर्यटन विकास निगमाची निवासस्थाने महेश्वरला, मांडूला आणि पचमढीला आहेत, आणि तिथे एका रात्रीसाठी खोली घ्यायला पंचवीस वर्षांचा करार लागत नाही. टाइमशेअरचा साचा युरोपात १९६० च्या दशकात तयार झाला, दरवर्षी त्याच डोंगरात आठवडाभर बर्फावर घसरायला जाणाऱ्या कुटुंबांसाठी. एका जागी सात दिवस स्वस्थ बसणे ज्यांना आवडते, ज्यांचा स्वतःचा व्यवसाय असून सुट्टी स्वतःच्या हातात आहे आणि जे एरवीही सहा-सात हजारांच्याच खोल्या घेतात, त्यांना आम्ही हा व्यवहार करू नका असे सांगणार नाही. आपले कुटुंब त्यांत बसत नाही.

'मालमत्ता' हा शब्दही त्या बैठकीत वापरला गेला असेल, तर तो विसरा. आपल्या नावे जमीन होत नाही, नोंदणीकृत खरेदीखत होत नाही. मिळतो तो वापराचा हक्क, आणि शुल्क थकले की बुकिंग बंद होऊन थकबाकीवर व्याज चढू लागते. २०१८ पासून लागू झालेल्या लेखामानकानुसार अशा कंपन्या आपले चार लाख एकाच वर्षी उत्पन्न म्हणून न दाखवता सदस्यत्वाच्या वर्षांत विभागून दाखवतात. कंपनीची स्वतःची वही या रकमेला पुढे द्यायची सेवा म्हणते, आणि विक्रेता गुंतवणूक म्हणतो!

आता टोकनविषयी. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार ग्राहकाला चौदा दिवसांत कारण न देता करार मोडता येतो. आपल्याकडे टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे अर्जाच्या मागच्या बाजूचे बारीक अक्षर हाच आधार. अनेक करारांत ठरावीक दिवसांत रद्द करण्याची मुभा लिहिलेली असते. ते दिवस सहीपासून मोजायचे की पैसे भरल्यापासून, हे पाहा आणि अर्ज ई-मेलने व स्पीड पोस्टने, दोन्ही मार्गांनी पाठवून पावती जपून ठेवा. फोनवर रद्द केले असे कोणी म्हणाले तर त्यावर विसंबू नका. उरलेल्या रकमेसाठी ईएमआयच्या कागदावर सही झाली असेल, तर कर्ज देणाऱ्या संस्थेलाही त्याच दिवशी लेखी कळवा, नाहीतर सदस्यत्व रद्द होऊनही हप्ते खात्यातून जात राहतात. पैसे परत न मिळाल्यास आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे इंदूरच्याच, ग्राहक आयोगाकडे जाता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असले तरी तिकडे खेपा घालण्याची गरज नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही. आणि तो गोल काढलेला कागद आपल्याजवळ असेल तर फाडू नका. तोंडी काय सांगितले गेले होते, याचा तेवढाच लेखी पुरावा आपल्याकडे आहे.

प्रश्न : मी सुदामा नगरातील सेवानिवृत्त अभियंता आहे. अकरा वर्षांपूर्वी असेच सदस्यत्व घेतले, अजून चौदा वर्षे शिल्लक आहेत. पत्नीच्या गुडघ्यांमुळे दोन वर्षे कुठे गेलो नाही, यंदाचे २४,००० रुपयांचे शुल्क आले आहे. मुलगा-सून पुण्यात आहेत. शिवाय, तुमचे सदस्यत्व साडेतीन लाखांना विकून देतो, फाइलचे १५,००० आधी भरा, असा एकाचा फोन आला. काय करावे?

उत्तर : अकरा वर्षांपूर्वी भरलेले पैसे आता हिशेबात धरू नका; ते गेले. नव्याने घेणाऱ्यासाठी जे महाग असते, ते आधीच घेतलेल्याला कधी कधी स्वस्त पडते. २४,००० भागिले ७ म्हणजे रात्रीचे सुमारे ३,४३० रुपये, आणि कोणीतरी खरोखर जाणार असेल तर हा भाव वाईट नाही. आपणां दोघांना जाणे शक्य नसेल, तर मुलगा व सून आपल्या वाट्याच्या रात्री वापरू शकतात का, त्यासाठी पाहुण्यांचे जादा शुल्क किती, आणि गेल्या दोन वर्षांच्या न वापरलेल्या रात्री अजून जिवंत आहेत की बुडाल्या, हे कंपनीकडून लेखी मागवा. उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका, मात्र शेवटची तारीख चुकवू नका.

कोणीच जाणार नसेल, तर मुदतपूर्व सोडण्याच्या अटी वाचून लेखी राजीनामा द्या. नुसते शुल्क भरणे थांबवले म्हणजे सदस्यत्व आपोआप संपले, असे होत नाही.

फोनवाल्याला एक रुपयाही देऊ नका. वापरलेल्या सदस्यत्वाला साडेतीन लाख देणारा गिऱ्हाईक असता, तर दलालाने आपली दलाली त्याच पैशांतून कापून घेतली असती; आधी फाइलचे पैसे मागणाऱ्यांचा धंदा त्या पंधरा हजारांचाच असतो. त्यांना आपला सदस्य क्रमांक ठाऊक होता म्हणून ते कंपनीचेच असतील, असेही समजू नका. पैसे देऊन झाले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर विनाविलंब कळवा.

सदस्यत्व मुलाच्या नावे करण्याचा विचार असेल, तर हस्तांतराच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी मुलाला आणि सूनबाईंना विचारा. रात्रींबरोबर पुढील चौदा वर्षांचे शुल्कही त्यांच्या नावावर चढणार आहे, आणि दोघांच्या नोकरीत सलग सात दिवसांची रजा कधी मिळते, हे त्यांनाच ठाऊक.