‘भूकच नाही’ म्हणणाऱ्या मुलीला भूक असते

ताई, तुम्ही लिहिलंय त्यातलं मुख्य एवढं: मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्स. दिवाळीपासून भात सुटला, मग पोळी अर्धीवर आली, आता डबा तसाच परत येतो. विचारलं की ‘भूकच नाही’. पाळी तीन महिने आलेली नाही. घरच्यांसाठी मात्र हौसेनं केक करते. डॉक्टरांनी भूक वाढवायचं टॉनिक दिलंय आणि सासूबाई म्हणतात, वयच असं असतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम केलंय. अशा मुली पाहिल्यात, त्यांच्या आयाही. मला शंका येते ती ॲनोरेक्सियाची, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीनं खाणं तोडत नेण्याच्या आजाराची. निदान डॉक्टर करतील, ते माझं काम नाही. पण टॉनिकच्या भरवशावर थांबू नका.

कारण मुळात भूक गेलेलीच नसते. पोट रिकामं असलं की जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि मेंदूला ‘खा’ म्हणून सांगतं. ॲनोरेक्सिया झालेल्या मुलींच्या रक्तात ते कमी नाही, उलट जास्त सापडतं. शरीर मागतंय आणि मुलगी दाद देत नाही, असा हा प्रकार. घास पोटात गेला की तिला धास्ती वाटते, ताट सरकवलं की हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्याचीच सवय लागते. आणि ‘दोन घासांत पोट गच्च झालं’ हे मात्र ती खोटं सांगत नसते. बरेच दिवस कमी खाल्लं की जठर रिकामं व्हायलाच जास्त वेळ लागतो, गॅस होतो, जड वाटतं. म्हणून ‘नाटकं करू नकोस’ हे वाक्य घरातून हद्दपार करा.

आता केकबद्दल. तुम्हाला ते चांगलं लक्षण वाटतंय, मला वाटत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञानं एक प्रयोग केला. युद्धानं उपासमार झालेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं, हे शोधायचं होतं. ३६ धडधाकट तरुण स्वतःहून तयार झाले. सहा महिने त्यांना बटाटे, सलगम, पाव असलं साधं आणि निम्मंशिम्मं खाणं दिलं. वजन जवळपास चौथ्या हिश्शानं उतरलं. त्यांच्यापैकी कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं, आरशाशी त्यांचं काही वैर नव्हतं. तरीही ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. एकेक घास ताटात फिरवत बसायचे, जेवणात पाणी घालून ते वाढवायचे, ताटल्या चाटायचे. चिडचिड वाढली, मित्र नकोसे झाले, उन्हाळ्यात थंडी वाजायला लागली, नाडी मंदावली. डोक्यात दिवसभर अन्न. आता तुमच्या मुलीकडे बघा: रेसिपीचे व्हिडिओ, पोळीचे नखाएवढे तुकडे, बर्फासारखे गार हात, मैत्रिणींशी अबोला. यातलं बरंच काही तिचा स्वभाव नसून उपासमारीचा परिणाम आहे. म्हणून आधी अन्न, मग समजावणं. उपाशी मेंदूशी वाद घालून तुम्ही हराल, ती तुमच्यापेक्षा जास्त कॅलरी पाठ म्हणून दाखवेल.

हे सुरू का झालं, याच्या मागे फार लागू नका. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो. अभ्यासू, चोख, एक मार्क गेला तरी रडणाऱ्या मुलींमध्ये जास्त आढळतं. त्यात कुणीतरी ‘डाएट’ सुरू केलं की ठिणगी पडते. भोवतालचा वाटा आहेच. फिजी बेटांवर भरल्या अंगाचं कौतुक असायचं. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. ॲन बेकर या अमेरिकी संशोधिकेनं तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना खाण्याच्या सवयींची एकच प्रश्नावली दिली, तर खाण्याच्या आजाराच्या धोक्याच्या पातळीवरच्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ वर गेलं होतं. आपल्याकडे आत्या-मावशी भर घालतात ती वेगळीच. लग्नात ‘अय्या, किती छान बारीक झालीस!’ म्हणणाऱ्या बाईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगा, मानापमान नंतर बघू. उलट वजन भरायला लागल्यावर ‘आता कशी बरी दिसतेस’ हेही नको. मुलीला ऐकू येतं ‘फुगलीस’.

उपासाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी विचारते. संकष्टी, गुरुवार, नवरात्र यांत एकदम वाढ झाली आहे का? मी पाहिलेल्या कितीतरी घरांत ते सुरुवातीला कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण मुलगी श्रद्धाळू झाली म्हणून सगळे खूश. ओळखायची खूण सोपी आहे. खिचडी नको, वऱ्याचे तांदूळ नकोत, आणि चंद्रोदय झाल्यावर ‘आता भूक मेली’. आजारी माणसानं उपास करायचा नसतो हे आपल्या आज्यांनाही मान्य होतं. तेव्हा यंदा सगळे उपास बंद, आणि हे सासूबाईंनीच सांगितलं तर उत्तम.

या आठवड्यात करायचं काम म्हणजे बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियनकडे नेऊन वजन, बीपी, नाडी, ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस, साखर, थायरॉइड बघून घेणं. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका, ते बरेच दिवस नॉर्मल राहू शकतात. जागेपणी नाडी पन्नासच्या खाली, चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, पाणीही नको म्हणणं, ओकाऱ्या काढणं, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा, यातलं काहीही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट रुग्णालय. आणि गेले काही दिवस ती जवळजवळ काहीच खात नसेल तर घरी एकदम ताट भरून वाढू नका. फॉस्फरस झपाट्यानं उतरून हृदयाला धोका होतो. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ, खाण्याच्या आजारांचा अनुभव असलेले मिळाले तर फारच चांगलं. कुठे जायचं कळत नसेल तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.

घरी काय करायचं? गंमत बघा, ज्यांनी १८७४ मध्ये या आजाराचं आजचं नाव रूढ केलं ते इंग्रज डॉक्टर विल्यम गल अशा रुग्णांच्या शुश्रूषेला नातेवाईक अगदी कुचकामी समजत. शंभरेक वर्षांनी लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातल्या मंडळींनी ते उलटं केलं, आईवडिलांच्याच हाती ताट दिलं. किशोरवयीन मुलांसाठी आज त्याच पद्धतीला सर्वांत जास्त आधार आहे. म्हणजे काय खायचं, किती खायचं हे काही काळ तुम्ही ठरवायचं, वाढायचं, आणि ती संपवेपर्यंत शेजारी बसायचं. धमकी नाही, लाच नाही, भाषण नाही. ‘अवघड जातंय, कळतंय मला. ही पोळी संपेपर्यंत मी इथेच आहे.’ एवढंच, लागेल तितक्या वेळा. जेवणानंतर तासभर बाथरूममध्ये एकटी नको. पत्ते खेळा, मालिका लावा. वजनकाटा कपाटाच्या वर. बाबांनी सध्या वजनासाठी दोनच वेळा जेवायचं धरलं असेल तर त्यांचा प्रयोगही पुढे ढकला, एकाच टेबलावर दोन नियम चालत नाहीत. ती ओरडेल, तुमचा तिरस्कार वाटतो म्हणेल. ते आजाराचं बोलणं समजून सोडून द्या आणि घरातले सगळे आळीपाळीनं तिच्याजवळ बसा, एकट्या आईनं हे रेटणं जमत नाही.

वजन भरायला महिने लागतात आणि डोकं त्याच्याही मागून येतं. पाळी परत आली, गालावर मांस आलं, की घरच्यांना वाटतं झालं. तिथेच घसरगुंडी होते. सगळं ताट एकदम तिच्या हाती सोपवू नका. आधी चारचं खाणं तिचं तिला घेऊ द्या. काही आठवडे वजन टिकलं तर मग कॉलेजचा डबा, आणि रात्रीचं जेवण सगळ्यात शेवटी.