सासूबाईंची मान आणि डॉक्टरांची दोन मतं

प्रश्न : सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. रात्री बाथरूमला जाताना तोल जाऊन त्यांचं कपाळ वॉशबेसिनवर आपटलं. तीन टाके पडले. मान दुखत होती, ती लचकली असेल म्हणून आम्ही चार दिवस शेकत बसलो. मग सीटी स्कॅनमध्ये ‘डेन्स फ्रॅक्चर, टाइप टू’ निघालं. हातापायांत जोर आहे. एक डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे म्हणतात, या वयात पट्टाच बरा. आमच्या यांना ऑपरेशन हवंय, दीर नको म्हणतात. काय करावं? – एक सून

उत्तर : चार दिवस शेकलंत ते मनाला लावून घेऊ नका. म्हातारपणी हे फ्रॅक्चर असंच निसटतं. कपाळावरचं रक्त दिसतं, मान दिसत नाही. आता मात्र शेक, मालिश सगळं बंद.

जातं आठवा. मानेचा पहिला मणका म्हणजे वरची तळी आणि दुसऱ्या मणक्यातून वर आलेला सुळका, म्हणजे डेन्स, हा तिचा खुंटा. मान डावी-उजवीकडे वळते त्यातली जवळपास निम्मी फिरकी या जोडीची. अँडरसन आणि डी'अलोंझो यांच्या १९७४ च्या वर्गीकरणात टाइप टू म्हणजे खुंटा बुडाशी मोडलेला. हाड ठिसूळ असलं की तो तिथे सहसा लवकर सांधत नाही आणि लगेच मागे मज्जारज्जू असतो.

दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. मी वय नंतर विचारतो. आधी विचारतो, पडण्याच्या आदल्या दिवशी आजी स्वतःची अंघोळ स्वतः करत होत्या का? खुंटा किती सरकलाय? हृदय, फुप्फुसं, स्मरणशक्ती कशी आहे? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का?

ऑपरेशन दोन वाटांनी होतं. गळ्याच्या पुढून खुंट्यात स्क्रू घालता येतो, पण ठिसूळ हाडात तो ढिला पडतो आणि नंतर गिळायला त्रास होतो. म्हणून या वयात मी बहुतेकदा मागून जातो. पालथं झोपवून दोन्ही मणक्यांत स्क्रू घालायचे आणि सळयांनी जोडायचे. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये आणि युर्गन हार्म्स यांनी २००१ मध्ये मांडलेली ही पद्धत. पकड भक्कम मिळते, पण ती निम्मी फिरकी कायमची जाते. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी स्क्रूच्या अगदी शेजारून जाते, तिचा मार्ग आधी स्कॅनवर पाहावा लागतो. भुलीनंतर काही दिवस आजी असंबद्ध बोलू शकतात, घाबरू नका.

पट्टा सोपा वाटतो, पण तो साधारण तीन महिने घालावा लागतो. हनुवटीखाली आणि डोक्यामागे कातडी सोलवटते, घास अडकतो, आणि पायाखालचं दिसत नाही म्हणून माणूस पुन्हा पडतो. पट्ट्याखालची कातडी रोज पाहा. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने पुसायचं. कसं ते नर्सकडून आधी शिकून घ्या. (कवटीत पिना रोवून बसवायची हेलो चौकट मी सुरुवातीच्या काळात एका आजोबांना लावली होती. मान सांभाळली, पण न्यूमोनियाने गाठलं. तेव्हापासून वृद्धांना ती लावायला माझा हात धजत नाही.)

तीन महिन्यांनी ‘हाड जुळलं नाही’ असा रिपोर्ट आला तर खचू नका. मध्ये चिवट तंतूंचा सांधा धरला, मणके हलत नसले आणि दुखत नसलं, तर या वयात आम्ही ते चालवून घेतो. मात्र बटण लावताना बोटं अडखळली, चाल डगमगली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खुंटा बराच सरकला असेल आणि सासूबाई पडेपर्यंत हिंडत्या-फिरत्या असतील, तर माझा कौल ऑपरेशनला. जागेवर असेल आणि तब्येत तोळामासा असेल, तर पट्ट्याला. पण तुमच्या पत्रात मुलांची मतं आहेत, सासूबाईंचं नाही. शुद्धीवर आहेत, त्यांनाच विचारा. आणि काहीही ठरलं तरी हाडांच्या ठिसूळपणाचं औषध याच भेटीत सुरू करायला सांगा, ते हमखास राहून जातं.