इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या दफनभूमीत एवढी जैवविविधता का असते? देवरायांसारखा तिथे कुणी हात लावत नाही म्हणून का?

जूनमध्ये लेकाकडे इंग्लंडला जाताय आणि जाण्याआधी हे विचारताय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जैवविविधता असते हे खरं. कुणी हात लावत नाही हे मात्र खरं नाही. माझाही आधी तुमच्यासारखाच समज होता.

मी मूळची साताऱ्याकडची, आता बरीच वर्षं पूर्व इंग्लंडमधल्या सफोकमध्ये राहते. घराजवळ एक मध्ययुगीन चर्च आहे, भोवती थडगी. उन्हाळा सरता सरता गावातली दहा-बारा माणसं मिळून तिथलं गवत कापतात, त्यात मीही असते. (धर्म कुणी विचारत नाही, विळा चालवता येतो का एवढंच विचारतात. इथला विळा लांब दांड्याचा, उभ्याने दोन्ही हातांनी फिरवायचा.) पहिल्या वर्षी कापलेलं गवत गोळा करून आवाराच्या कडेला ढिगात टाकायला सांगितलं होतं. मी माझ्या कोपऱ्यातलं तिथेच पसरून ठेवलं. शेतकऱ्याच्या घरची मी, पालापाचोळा जागेवर कुजला की जमिनीला खत होतं हे आजोबांचं शिक्षण. पुढच्या उन्हाळ्यात त्या कोपऱ्यात नेटल छातीपर्यंत वाढली. पान लागलं की हाताची नुसती आग. बाकी आवारात फुलं, माझ्या कोपऱ्यात नेटलचं रान. चर्चची देखभाल करणाऱ्या आजी म्हणाल्या, "तू तिला जेवायला घातलंस."

सगळं इंगित त्या वाक्यात आहे. माती सकस झाली की चार-दोन दांडगी गवतं आणि नेटल माजतात आणि बाकीच्यांचा उजेड अडवतात. माती भुकेली राहिली तर कुणालाच दांडगाई जमत नाही आणि पन्नास जाती शेजारी-शेजारी नांदतात. कासचं पठार आठवा. जांभ्या खडकावर माती ती किती, आणि म्हणूनच तो फुलांचा सोहळा. तिथे कुंपण घातल्यावर गुरांचं चरणं थांबलं, गवत माजलं, फुलं कमी झाली अशी ओरड झाली आणि ते कुंपण पुढे काढावं लागलं. तीच गोष्ट इथे. शतकानुशतकं या आवारांत वर्षाकाठी गवत कापून नेलं जायचं किंवा मेंढ्या चरायच्या. म्हणजे हात लागतच होता, फक्त नांगर आणि रासायनिक खत लागलं नाही. बाहेरच्या शेतांना दोन्ही लागलं. १९३०च्या दशकापासून इंग्लंड-वेल्समधली फुलांची जवळपास ९७ टक्के कुरणं गेली. उरलेल्या तुकड्यांपैकी कित्येक थडग्यांच्या मध्ये आहेत.

आमच्याकडे वसंतात पिवळी काउस्लिप, मग पांढरं मेडो सॅक्सिफ्रेज, मग ऑक्सआय डेझी. माझी लाडकी मात्र यलो रॅटल. ही गवताच्या मुळांना चिकटून त्यांचा रस पिते आणि गवताचा जोर मोडते. मग बाकीच्या फुलांना जागा होते. तिची बोंडं वाळली की खुळखुळ्यासारखी वाजतात, आणि ती वाजू लागली की गवत कापायला आलं असं जुने शेतकरी मानत.

आता दगडांकडे. गोड्या मसाल्यातलं दगडफूल तुमच्या डब्यात असेलच. त्याची भावंडं इथे प्रत्येक थडग्यावर आहेत. बुरशी आणि शैवाल यांचा हा जोडसंसार, इंग्रजीत लायकेन. ब्रिटनमध्ये त्याच्या साधारण २००० जाती आहेत, त्यांतल्या ७००हून जास्त चर्चच्या आवारांत सापडल्या आहेत. आपल्याला हे नवल वाटतं, कारण सह्याद्रीत पाय टाकाल तिथे कातळ. सफोक आणि शेजारचं नॉरफोक म्हणजे माती आणि चिकणमाती, उघडा खडक औषधालाही नाही. दगडावर राहणाऱ्या जिवांनी जायचं कुठे? माणसांनी लांबून चुनखडीचे, वालुकाश्माचे, स्लेटचे दगड आणून उभे केले, तेच यांचे डोंगरकडे. चुनखडीवर एक मंडळी, वालुकाश्मावर दुसरी. दक्षिणेच्या उन्हातल्या बाजूला नारिंगी-पिवळ्या चकत्या, सावलीतल्या बाजूला वेगळंच काही. शिवाय दगडावर साल कोरलेलं. १७८४चं थडगं असेल तर त्यावरची चकती त्याआधीची नाही, एवढं पक्कं. काही जाती वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात. म्हणून आजोळच्या कुणाचं थडगं सापडलं की तारेच्या ब्रशने 'स्वच्छ' करणारे लोक मला बघवत नाहीत. दोनशे वर्षांची वाढ अर्ध्या तासात जाते.

चर्चच्या आवारात हमखास दिसणाऱ्या यू या सदाहरित झाडाबद्दल लोक फार बोलतात, मी थोडक्यात आटोपते. स्कॉटलंडमधल्या फॉर्टिंगलच्या चर्चजवळचा यू निदान दोन हजार वर्षांचा मानतात. २०१५मध्ये त्या नर झाडाच्या एका फांदीला चक्क लाल फळं धरली! फळाचा लाल गर सोडला तर सगळं झाड विषारी, आणि त्याच्याच पानांतून डोसेटॅक्सेल या कर्करोगावरच्या औषधाचा कच्चा माल मिळतो.

चर्चच्या मनोऱ्यात पाकोळ्या (स्विफ्ट पक्षी) असतात, मेमध्ये आफ्रिकेतून येतात, ऑगस्टमध्ये जातात. २०२१मध्ये ब्रिटनच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत त्यांचं नाव गेलं. वटवाघळांना कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, त्यामुळे वेदीवर लेंड्या पडल्या तरी त्यांना हाकलता येत नाही. आजी त्यावर रोज कुरकुरतात आणि रोज झाडतात.

खरंच हात न लावलेली जागा पाहायची असेल तर लंडनला अ‍ॅबनी पार्कला जा. १८४०ची दफनभूमी, विसाव्या शतकात दुर्लक्षित राहिली आणि तिचं जंगल झालं. बुरशी, कुजके ओंडके, त्यात वाढणारे भुंगेरे यांची चैन आहे. पण कुरणातली फुलं तिथे शोधू नका, सावलीत ती तगत नाहीत. ब्रिस्टलला गेलात तर आर्नोस व्हेल चुकवू नका. राजा राममोहन रॉय यांची समाधी तिथे आहे, देवळासारखी छत्री असलेली, आणि भोवती झाडी.

जाताना दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या, सोनाराकडे असतं तसं. जूनमध्ये एखाद्या आवारात गुडघाभर गवत वाढलेलं दिसलं तर ही माणसं आळशी आहेत असं म्हणू नका, ते मुद्दाम बिया पडेपर्यंत ठेवलेलं असतं. मधून कापलेली पायवाट असते, तिच्यावरूनच चाला.