‘हात कलम झाला’ असं लिहू नका

प्रश्न चोपडा तालुक्यातला. कडबाकुट्टीत, म्हणजे चारा कापायच्या यंत्रात, एकाचा हात गेला, बातमीत ‘हात कलम झाला’ असं आलं. हे कलम लेखणीचंच का? आणि त्या माणसाला थोटा म्हणावं का?

लेखणीचंच. पण बातमी चुकली, आणि ही चूक फार वेळा वाचावी लागते. हात कलम होत नाही, कुणीतरी करतो: धारदार हत्यार, एकच घाव. कुट्टीचे रोलर आधी बोटं चेपून आत ओढतात, पाती नंतर लागतात. तो हात चिरडून तुटतो. अहिराणीत सरळ ‘हात तुटी गया’ म्हणतात, तेच अचूक. डॉक्टरांनाही हाच फरक हवा असतो, कारण साफ कापलेला हात जुळण्याची शक्यता चिरडलेल्यापेक्षा बरीच जास्त. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. थेट बर्फात टाकला तर पेशी गोठून मरतात. मनगटाच्या वर तुटलेला हात थंड ठेवला नाही, तर जोडायची मुदत जेमतेम ६ तासांची.

आता शब्दाकडे. ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू, लेखणीसाठी कापतात ती पोकळ काडी. त्यावरून अरबी ‘कलम’, आणि फारसीतून तो आपल्याकडे आला. अमरकोश या संस्कृत शब्दकोशाचा दाखला देऊन त्याला संस्कृत ठरवणाऱ्यांनी ती ओळ नीट वाचावी. तिथलं कलम ही साळीची, म्हणजे भाताची, जात आहे. साळीची लेखणी कशी झाली, हे मला तरी कुणी सांगितलेलं नाही.

बोरूला चाकूने तिरका काप दिला की त्याची लेखणी होते. आंब्याच्या पाचर कलमातही तेच: काडीच्या बुडाला दोन्हीकडून तिरके काप, तीन-चार सेंटीमीटरची पाचर, ती खुंटाच्या, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या रोपाच्या, चिरेत बसवून पट्टी आवळायची. एका बाजूने तरी साल सालीला भिडली नाही, तर काडी वाळते. माझं ठाम मत आहे की आपल्या बागेतल्या आणि तलवारीच्या कलमाचा गाभा लिहिणं नसून हा स्वच्छ काप आहे. फारसीत ‘कलम करणे’ म्हणजे छाटणे, ते यातूनच. नडगीच्या हाडालाही फारसीत कलम म्हणतात, तेही बोरूसारखं पोकळ म्हणून. (रावेर-यावलकडे ‘केळीचं कलम’ कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. केळी कंदावर किंवा टिश्यूच्या रोपावर लागते. तिला काप नाही, जोड नाही.)

राहिला थोटा. विडीच्या थोटकाचं नातं लागणारा शब्द माणसाला कशाला? नावाने हाक मारा. त्याच्यासमोर ‘हातभार’, ‘हाताशी’ हे शब्द मात्र गिळू नका, त्यांतला अवयव केव्हाच विरला आहे. विरलेला नाही तो ‘हातपाय धड असून बसून खातो’ यातला. हे वाक्य कुणाला ऐकवायचंच असेल, तर त्याच्या ओट्यावर बसून नको.